आगीतला मृत्यू मोजता, मग धुरातला का नाही?

दरवर्षी 14 एप्रिल रोजी देशभरातील अग्निशमन केंद्रांवर एक समारंभ होतो. 1944 साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि आग विझवण्यास गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळला जातो, सप्ताह साजरा होतो, पुढाऱ्यांची भाषणे होतात. मे 2015 मध्ये काळबादेवीच्या ‘गोकुळ निवास’ इमारतीची आग विझवताना इमारत कोसळली. मुंबई दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, तसेच सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी त्या दुर्घटनेत गेले, तेव्हाही सारा महाराष्ट्र हळहळला. ही कृतज्ञता खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण ती अपुरी आहे, आणि राज्यकर्त्यांच्या दृष्टीने तिचे अपुरेपण सोयीचेही आहे. तिच्यात एकाच प्रकारच्या मृत्यूला जागा आहे : ज्वाळांसमोर, लोकांच्या डोळ्यांदेखत झालेल्या मृत्यूला. जो मृत्यू धुराबरोबर शरीरात शिरतो आणि वीस-तीस वर्षांनी कर्करोगाच्या रूपाने प्रकट होतो, त्याचे नाव स्मृतिफलकावर येत नाही. त्याहून गंभीर गोष्ट ही, की नुकसानभरपाईच्या यादीतही ते येत नाही.

हा प्रश्न दयेचा नाही. अग्निशमन जवानाचा कर्करोग ही त्याची वैयक्तिक आपत्ती समजायची की त्याच्या कामाने केलेली इजा, हा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर विज्ञानाने दिलेले आहे. कायद्याने ते अद्याप ऐकलेले नाही.

धुरात काय असते

पुण्याच्या पश्चिमेचे वारजे उदाहरणादाखल घ्यावे. 1997 साली हे गाव महापालिकेच्या हद्दीत आले. पाठोपाठ शेते गेली, सोसायट्या उभ्या राहिल्या, माळवाडीच्या उतारावर चाळी दाटल्या. मुंबई-बंगळूर महामार्गाचा बाह्यवळण रस्ता गावाच्या मधून जातो आणि त्याच्या कडेने गॅरेजे, फर्निचरची दुकाने, भंगाराचे साठे वाढले. 2017 मध्ये शेजारची शिवणे आणि उत्तमनगर ही गावेही महापालिकेत आली. शिवण्यात छोटे कारखाने दाटीवाटीने आहेत. या टापूत आगीची वर्दी मिळाली की वारज्याच्या केंद्रावरील तांडेल, फायरमन आणि चालक बंब घेऊन निघतात, तेव्हा पुढे काय जळत असेल हे त्यांना ठाऊक नसते. कधी पत्र्याच्या खोलीतील गाद्या आणि गॅसची टाकी, कधी बाह्यवळणावर पेटलेला मालट्रक, कधी प्लायवूडचा साठा, कधी विजेच्या तारांचे जुडगे. याच महामार्गावर थोडे पुढे, नवले पुलाजवळ, 13 नोव्हेंबर 2025 रोजी वाहने एकमेकांवर आदळून पेटली, तेव्हा त्या आगीत लोखंडाबरोबर रबर, डिझेल, प्लास्टिक आणि रंग हे सारे एकत्र जळत होते.

पूर्वीच्या घराला आग लागे तेव्हा लाकूड, गवत, कापूस जळत असे. तो धूरही निरुपद्रवी नव्हता. पण आजचे घर खनिज तेलापासून बनलेले आहे. सोफ्यातील फोम, खिडक्यांचे प्लास्टिक, प्लायवूडमधला डिंक, पडदे, खेळणी, तारांवरची आवरणे ही सर्व जळताना बेंझिन, फॉर्माल्डिहाइड, काजळीला चिकटलेली बहुचक्रीय कर्बसंयुगे आणि इतर अनेक विषारी द्रव्ये हवेत सोडतात. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे आगीत तडतडून फुटतात, तेव्हा त्यांतले ॲस्बेस्टॉसचे अदृश्य तंतू मोकळे होतात. ही द्रव्ये श्वासावाटे तर आत जातातच. उष्णतेने रंध्रे उघडलेल्या, घामेजलेल्या त्वचेतूनही ती शोषली जातात. आग विझल्यानंतरचे काम सर्वांत फसवे. ज्वाळा दिसत नाहीत म्हणून श्वसनयंत्र उतरवले जाते आणि तासन्‌तास मलबा उपसणे चालते. तेव्हाही राखेतून ती द्रव्ये निघतच असतात. काजळीने भरलेला गणवेश केंद्रावर येतो, तोच पुढच्या वर्दीला चढवला जातो, आणि पुष्कळदा घरी नेऊन मुलांच्या कपड्यांसोबत धुतला जातो.

काजळी आणि कर्करोग यांचे नाते ही काही नवी वार्ता नाही. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी 1775 साली धुराडी साफ करणाऱ्या मुलांमधील कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडून दाखवला. व्यवसायजन्य कर्करोगाचा हा पहिला नोंदलेला दाखला मानला जातो. त्याला अडीचशे वर्षे झाली. जून 2022 मध्ये फ्रान्सच्या लिआँ शहरात, जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील कर्करोग संशोधन संस्थेत, 8 देशांतील 25 शास्त्रज्ञ एकत्र बसले. जगभरचे पुरावे तपासून त्यांनी निर्णय दिला, की अग्निशामक म्हणून काम करणे हाच व्यवसाय मानवाला कर्करोगकारक आहे. त्यांनी त्याला पहिल्या गटात, म्हणजे तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत त्याच गटात, ठेवले. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा आणि मूत्राशयाचा कर्करोग यांच्याविषयीचा पुरावा त्यांनी पुरेसा ठरवला. मोठे आतडे, पुरःस्थ ग्रंथी, वृषण, त्वचेचा मेलानोमा आणि लसिका ग्रंथींचा एक प्रकारचा कर्करोग यांच्याविषयी मर्यादित पण दखलपात्र पुरावा असल्याचे नोंदवले. 2007 मध्ये हीच संस्था या व्यवसायाबाबत ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ एवढेच म्हणत होती. पंधरा वर्षांत शक्यतेची खात्री झाली.

कायद्याची चौकट आणि तिच्याबाहेरचा माणूस

आता भारतीय कायद्याकडे वळावे. कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 साली झाला. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत अग्निशमन दलातील नोकरीचा उल्लेख नावानिशी होता. तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी होती. त्या यादीत पुढे ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा आला, मूत्राशयाच्या अस्तराचा कर्करोगही आला. म्हणजे ज्या दोन कर्करोगांबाबत 2022 मध्ये शास्त्रज्ञांनी ठाम निर्वाळा दिला, ते दोन्ही कायद्याच्या पुस्तकात आधीपासूनच होते. माणूसही होता, रोगही होता. पण त्या दोहोंना जोडणारी ओळ नव्हती. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. संहितेचा गाजावाजा पुष्कळ झाला, तरी ती ओळ नव्या अनुसूचीतही आलेली नाही.

ती ओळ नसल्याचा अर्थ काय होतो? अनुसूचीतील कर्करोगांपुढे ‘संबंधित धोक्याशी संपर्क येणारे सर्व काम’ असे शब्द आहेत. वरवर पाहता हे शब्द उदार वाटतात. पण क्रोमियमच्या कारखान्यातील कामगाराला दाखवायला कारखाना असतो, तेथील द्रव्याचे नाव असते, हजेरीपट असतो. अग्निशमन जवानाचा कारखाना म्हणजे सारे शहर. अमक्या रात्री अमक्या गोदामात आपण कोणते द्रव्य किती श्वासात घेतले, हे तो कसे सिद्ध करणार? आणि तो स्वतः हयात नसेल तर ते त्याच्या विधवेने सिद्ध करायचे! वर्दीची नोंदवही महापालिकेच्या कपाटात, वैद्यकीय तपासणीचे कागद, झाली असेल तर, महापालिकेच्या दप्तरात, कायद्याचा सल्लागार महापालिकेचा. आणि पुरावा मात्र त्या बाईने आणायचा. ज्याच्या हाती सर्व माहिती त्याच्यावर कसलीही जबाबदारी नाही आणि जिच्या हाती काहीच नाही तिच्यावर सिद्धतेचे ओझे, असा हा न्याय आहे.

याहून क्रूर आहे ती मुदतीची अट. नोकरी सुटल्यावर दोन वर्षांच्या आत रोगाची लक्षणे दिसली तरच दावा टिकेल, असा 1923 च्या कायद्याचा दंडक होता. ज्या विषबाधेची लक्षणे काही आठवड्यांत उमटतात तिच्यापुरता तो ठीक असेल. मेसोथेलिओमा ॲस्बेस्टॉसशी संपर्क आल्यावर बहुधा तीस-चाळीस वर्षांनी प्रकट होतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्या जवानाला चौसष्टाव्या वर्षी रक्ताची लघवी झाली, तर कायद्याच्या लेखी तो चार वर्षे उशिरा आजारी पडला. रोगाने कायद्याची मुदत पाळावी, अशी ही अपेक्षा आहे.

समजा, हे सर्व अडथळे पार करून एखादे कुटुंब भरपाईपर्यंत पोहोचले. तेथे काय हाती लागते? जुन्या कायद्याखाली मृत्यूची भरपाई मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून काढली जाई. आणि हिशेबापुरते वेतन कितीही असले तरी जानेवारी 2020 पासून ते 15,000 रुपयांच्या पुढे धरले जात नसे. पन्नाशीतल्या जवानाचा गुणक 153.09. म्हणजे साडेसात हजार गुणिले 153.09, सुमारे साडेअकरा लाख रुपये. साठाव्या वर्षी ती रक्कम 8 लाख 80 हजारांवर येते. कर्करोगाच्या उपचारात जे कुटुंब आधीच कर्जबाजारी झालेले असते, त्याचे देणेही यातून फिटण्याची शाश्वती नाही.

‘जवान’ म्हणता, मग जवानाचा कायदा द्या

हे सारे बदलण्यासाठी फार मोठी कायदेशीर क्रांती लागणार आहे, असा समज अधिकारीवर्ग पसरवतो. तो खरा नाही. ज्या तत्त्वाची गरज आहे ते या देशात रुजलेले आहे. सैन्यात भरती होताना ज्याच्या नोंदीत कोणताही रोग नव्हता, त्याला पुढे रोग झाला तर तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर राहील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंग खटल्यात दिला. अग्निशमन दलाच्या कर्मचाऱ्याला महापालिका ‘जवान’ म्हणते, त्याला गणवेश देते, संचलन करवून घेते, शिस्तीचे नियम लावते. भरतीच्या वेळी त्याची छाती मोजते, त्याला धावायला लावते, वैद्यकीय तपासणीत तो निरोगी असल्याचा दाखला घेते. मग त्या दाखल्याचा उपयोग त्याच्या बाजूने का होऊ नये? पदवी सैनिकाची आणि पुराव्याचा नियम परक्याचा, हा दुटप्पीपणा किती दिवस चालणार?

दुसरा दाखला अगदी अलीकडचा आहे. 2020 च्या साथीत कर्तव्यावर असताना कोविडने मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांना 50 लाख रुपये देण्याचे महाराष्ट्र शासनाने ठरवले. विषाणू नेमका कोणत्या रुग्णाकडून, कोणत्या रस्त्यावर आला, याचा पुरावा शासनाने तेव्हा मागितला नाही. तो मागणे हास्यास्पद ठरले असते. माणूस धोक्याच्या जागी कामावर होता, एवढे पुरेसे मानले गेले. राजस्थानने 2019 च्या धोरणान्वये दगडाच्या धुळीने फुप्फुसे गेलेल्या खाणकामगाराला प्रमाणपत्र मिळताच 3 लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला आणखी 2 लाख देण्याची तरतूद केली. रक्कम तुटपुंजी आहे. परंतु रोग कामातून आला हे राज्याने मान्य केले, हे महत्त्वाचे.

परदेशांत हे तत्त्व अग्निशामकांना स्पष्टपणे लागू झाले आहे. कॅनडातील मॅनिटोबा प्रांताने 2002 मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या संघराज्याने 2011 मध्ये तसे कायदे केले : ठरावीक वर्षे सेवा केलेल्या अग्निशामकाला ठरावीक कर्करोग झाला तर तो कामामुळेच झाला असे धरायचे, आणि नाकारायचे असेल तर मालकाने पुरावा द्यायचा. अमेरिका ही काही समाजवादी भूमी नव्हे. तेथेही हृदयविकाराने मरणाऱ्या अग्निशामकांसाठी 2003 मध्ये आणि संघराज्याच्या सेवेतील अग्निशामकांच्या कर्करोगासाठी 2022 मध्ये हेच गृहीतक कायद्यात आले. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर 11 सप्टेंबर 2001 रोजी हल्ला झाला, त्या दिवशी तेथील अग्निशमन दलाचे 343 जण मरण पावले. सप्टेंबर 2023 पर्यंत त्या ढिगाऱ्याच्या धुळीने व धुराने जडलेल्या रोगांनी तेवढेच आणखी 343 जण दगावले होते. एका दिवसाच्या आगीने जेवढे नेले, तेवढेच पुढच्या बावीस वर्षांत तिच्या धुराने नेले. पहिल्यांची मोजदाद त्याच आठवड्यात झाली. दुसऱ्यांची करायला कायदा लागला.

आक्षेप आणि त्यांचा समाचार

या मागणीविरुद्ध दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा, की कर्करोग सर्वांनाच होतो. हा माणूस तंबाखू खात असेल, विडी ओढत असेल. असेलही. म्हणूनच हे गृहीतक खोडता येण्याजोगे ठेवलेले असते. मालकाने पुरावा आणावा, न्यायाधिकरण तो तपासेल. पण मरणाऱ्याच्या खिशात तंबाखूची पुडी सापडली एवढ्याने त्याने वीस वर्षे श्वासात घेतलेला शहराचा धूर नाहीसा होत नाही. आणि मूत्राशयाच्या कर्करोगात तंबाखू व काजळी दोन्ही कारणीभूत ठरू शकतात, म्हणून महापालिका सुटते असे नव्हे. तंबाखू खाणारा जवान छपरावरून पडला तर त्याची भरपाई कोणी नाकारत नाही.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. येथे अर्थशास्त्राचा एक साधा नियम ध्यानात घ्यावा : नाकारलेला खर्च नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याच्या खात्यावर चढतो. आज तो जवानाच्या पत्नीच्या मंगळसूत्रावर, मुलाच्या सोडलेल्या शिक्षणावर, गावाकडच्या विकलेल्या जमिनीवर चढलेला आहे. शहराच्या सुरक्षिततेची किंमत शहरातील सर्वांत कमी ऐपतीच्या घरांतून वसूल होत आहे. शिवाय हे आक्षेप घेणारेच दुसऱ्या दमात म्हणतात, की अशी प्रकरणे मोजकीच असतात, त्यासाठी कायदा कशाला? प्रकरणे मोजकी असतील तर तिजोरी बुडणार नाही, आणि तिजोरी बुडण्याइतकी असतील तर कायदा तातडीचा आहे. दोन्ही युक्तिवाद एकाच तोंडी शोभत नाहीत.

पैसा कोठून आणायचा याचेही उत्तर आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 अन्वये इमारतींवर अग्निसेवा शुल्क आकारले जाते. उंच इमल्यांच्या परवानगीतून महापालिकांना हे उत्पन्न मिळते, आणि त्या इमल्यांतील आगीचा धूर ज्याच्या फुप्फुसात जातो त्याच्यासाठी त्यातला ठरीव हिस्सा राखून ठेवावा, ही मागणी कोणत्याही अर्थाने अवाजवी नाही. आगीच्या विम्याचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपन्यांनाही या निधीत ओढले पाहिजे; जवान जेव्हा मालमत्ता वाचवतो तेव्हा विमा कंपनीचा पैसाही वाचतो.

नुसत्या भरपाईवर थांबूनही चालणार नाही. प्रत्येक जवानाला दोन गणवेश, केंद्रावरच ते धुण्याची सोय, मलबा उपसतानाही श्वसनयंत्राची सक्ती, बंबाचा डिझेलचा धूर निवासखोलीत शिरणार नाही अशी रचना, या गोष्टींना चंद्रयानाचे तंत्रज्ञान लागत नाही. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान 40 वर्षे किंवा ती सुटल्यापासून 15 वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दिला आणि कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. तोच नियम अग्निशमन दलाला लावावा. प्रत्येक जवानाच्या नावे वर्दीची नोंद ठेवावी आणि निवृत्तीनंतरही दरवर्षी तपासणी करावी. कंत्राटी पद्धतीने घेतलेल्या जवानालाही यातून वगळता कामा नये. कंत्राट संपले की त्याचे नावच दप्तरातून पुसले जाते, म्हणून त्याचा धूर मोजण्याची गरज अधिकच आहे.

चळवळीचे काम

कामगार चळवळीलाही येथे आत्मपरीक्षण करावे लागेल. महापालिका कामगारांच्या संघटनांनी वेतन आयोग, पदोन्नती, महागाई भत्ता यांसाठी लढे दिले आणि ते योग्यच होते. पण व्यवसायजन्य रोगांची अनुसूची हा विषय त्यांच्या मागणीपत्रकात शेवटच्या पानावरही क्वचितच आला. 1923 च्या कायद्याने राज्य सरकारला तीन महिन्यांची सूचना देऊन अनुसूचीत नव्या व्यवसायाची व रोगांची भर घालण्याचा अधिकार दिला होता. त्यासाठी विधिमंडळात जाण्याचीही गरज नव्हती. सत्तेवर आलेल्या कोणत्याही पक्षाने अग्निशमन दलासाठी तो वापरला नाही, आणि तो वापरा म्हणून मोर्चाही निघाला नाही.

तेव्हा मागण्या निःसंदिग्ध असाव्यात. अग्निशमन सेवा आणि 2022 मध्ये नोंदलेले कर्करोग यांची जोडी अनुसूचीत घालावी. विशिष्ट वर्षांच्या सेवेनंतर रोग कामामुळेच झाला असे गृहीत धरावे. निवृत्तीनंतरची दोन वर्षांची अट या रोगांपुरती रद्द करावी. आणि कर्करोगाने मृत्यू आल्यास कुटुंबाला आगीत मृत्यू आलेल्या जवानाच्या कुटुंबाइतकेच लाभ, त्याच मुदतीत द्यावेत. पुण्याच्या कार्यकर्त्यांनी वारज्यापासून सुरुवात करावी. केंद्रावर जावे, जवानांशी बोलावे, निवृत्त झालेल्यांची घरे शोधावी, कोणाला कोणता रोग झाला याची साधी वही तयार करावी. महापालिकेने जी नोंद ठेवली नाही ती संघटनेने ठेवावी. अशी वही आयुक्तांच्या टेबलावर आणि विधिमंडळाच्या सभागृहात ठेवता येते, न्यायालयातही नेता येते. येत्या 14 एप्रिलला पुष्पचक्र वाहायला जे मान्यवर येतील, त्यांच्या हाती ती वही द्यावी आणि तिच्यातील नावांचे काय करणार, एवढे विचारावे.